प्रादेशिक विमानतळाचा २० वर्षांचा आराखडा: आधी टर्मिनल की आधी धावपट्टी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १,८०० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद धावपट्टी, दिवसाला एटीआर ७२ या पंख्याच्या लहान विमानाच्या चार फेऱ्या, आणि दोन विमानं एकदम आली की टर्मिनलमध्ये उभं राहायलाही जागा उरत नाही. पुढच्या २० वर्षांत एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ यावीत अशी इच्छा आहे. आराखडा कुठून सुरू करायचा, आणि पैसा आधी टर्मिनलवर घालायचा की धावपट्टीवर?

दोन्हींच्या आधी जमीन आणि आकाश राखण्यावर घाला. टर्मिनलला पाच वर्षांनी आणखी चार गाळे जोडता येतात, एप्रन, म्हणजे विमानं उभी करायची फरसबंद जागा, रुंद करता येतो, वाहनतळ दुसरीकडे नेता येतो. धावपट्टीची मध्यरेषा मात्र एकदा ठरली की ठरली, आणि तिच्या टोकापलीकडे वस्ती उभी राहिली तर ती हटवणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून जे हलवता येत नाही त्याचा निर्णय ४० वर्षांचा विचार करून आज घ्या, आणि जे वाढवता येतं ते पुढच्या पाच-सात वर्षांना पुरेल एवढंच बांधा. प्रादेशिक विमानतळांवर बहुतेक वेळा याच्या उलट होतं. उद्घाटन करता येईल असं टर्मिनल गरजेच्या तिप्पट बांधलं जातं आणि टोकाकडची शेतजमीन बिगरशेती होऊन हातची जाते.

मागणीचा अंदाज फेऱ्यांत मांडा

मोठ्या विमानतळावर प्रवासीसंख्या दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढते असं धरून चालतं. लहान विमानतळावर ती पायऱ्यांनी चढते, आणि तशीच उतरतेही. ७० आसनी एटीआर ७२ ची रोज एक फेरी म्हणजे एक आगमन आणि एक प्रस्थान. सरासरी ७५ टक्के आसनं भरली तर ७० × २ × ३६५ × ०.७५, म्हणजे वर्षाला सुमारे ३८,००० प्रवासी. चार फेऱ्यांचे साधारण दीड लाख. आता १८० आसनी ए३२० ची रोज एकच फेरी सुरू झाली आणि ८० टक्के भरली, तर त्या एका निर्णयाने वर्षाला १ लाख ५ हजार प्रवासी वाढतात. म्हणजे एका विमानसेवा कंपनीने एक फेरी टाकली तर तुमची वाहतूक ७० टक्क्यांनी उडी घेते, आणि ती फेरी काढली तर वाढलेले ते सगळे प्रवासी एका झटक्यात जातात. अशा ठिकाणी "दरसाल ८ टक्के" अशी गुळगुळीत वक्ररेषा काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणं आहे.

त्यामुळे अंदाज तीन चित्रांत मांडा: कमी, मधलं, जास्त. प्रत्येक चित्रात कोणत्या वर्षी कोणत्या मार्गावर कोणत्या आकाराच्या विमानाच्या किती फेऱ्या, हे लिहा. प्रवासीसंख्या त्यातून गुणाकाराने येऊ द्या. यासाठी आधी प्रभावक्षेत्र ठरवावं लागतं. रस्त्याने ६० मिनिटांत आणि ९० मिनिटांत विमानतळावर पोहोचता येईल असे दोन पट्टे नकाशावर काढा. त्या पट्ट्यातली किती माणसं आज दूरच्या मोठ्या विमानतळावरून उडतात, हे प्रवासी सर्वेक्षणातून आणि तिकिटांच्या आकडेवारीतून शोधा. ही गळती हाच तुमचा खरा बाजार असतो. ती आकड्यांत मांडून विमानसेवा कंपनीसमोर ठेवली तर चर्चा पुढे सरकते. नुसत्या लोकसंख्येच्या आकड्याने सरकत नाही. आणि एक चौथं चित्र जरूर काढा: मुख्य विमानसेवा कंपनी निघून गेली तर काय? त्या वर्षी कर्जाचा हप्ता कशातून भरणार, याचं उत्तर आराखड्यात असायला हवं.

धावपट्टी किती लांब लागेल

सुरुवात विमानाच्या संदर्भ लांबीपासून होते: समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानात, सपाट आणि कोरड्या धावपट्टीवर, वारा नसताना लागणारी लांबी. तिच्यावर तीन दुरुस्त्या एकापाठोपाठ चढवायच्या. समुद्रसपाटीपासूनच्या दर ३०० मीटर उंचीला ७ टक्के. त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा विमानतळाचं संदर्भ तापमान जितके अंश जास्त, तितके टक्के. आणि उड्डाणाची लांबी निर्णायक असेल तर उताराच्या दर १ टक्क्याला १० टक्के. संदर्भ तापमान म्हणजे सर्वांत उष्ण महिन्यातल्या रोजच्या कमाल तापमानाची अनेक वर्षांची सरासरी. वार्षिक सरासरी इथे घेतली की सगळा हिशेब बिघडतो.

समजा विमानतळ ३०० मीटर उंचीवर आहे, संदर्भ तापमान ३४ अंश, उतार ०.५ टक्के. एटीआर ७२ ची संदर्भ लांबी सुमारे १,३०० मीटर. उंचीची दुरुस्ती केल्यावर १,३९१. त्या उंचीवरचं प्रमाण तापमान साधारण १३ अंश, म्हणजे २१ अंशांचा फरक आणि लांबी १,६८३. उताराची भर घातली की १,७६७ मीटर. आजची १,८०० मीटरची धावपट्टी एटीआरला जेमतेम पुरते, आणि तिला वाढवण्याची घाई नाही.

आता ए३२० घ्या. पूर्ण वजनावर तिची संदर्भ लांबी २,००० मीटरच्या पुढे जाते, पण दीड-दोन तासांच्या टप्प्यासाठी इंधन कमी लागतं. त्या वजनाला १,७०० मीटर धरले तर त्याच दुरुस्त्यांनी १,८१९, मग २,२०१ आणि शेवटी सुमारे २,३१० मीटर येतात. ही पद्धत प्राथमिक नियोजनापुरतीच वापरायची. उंची आणि तापमान यांची मिळून भर ३५ टक्क्यांच्या वर गेली तर ती लागूच पडत नाही. अंतिम आकडा उत्पादकाच्या कामगिरी-आलेखांतून, आणि शक्य असल्यास विमानसेवा कंपनीच्या कामगिरी अभियंत्यांकडून तपासून घ्या. त्यांना नेमकं विचारायचं: या मार्गावर, मे महिन्याच्या दुपारी, ओल्या धावपट्टीवर किती आसनं रिकामी ठेवावी लागतील? उत्तर "दहा" असेल तर २०० मीटर जास्त बांधण्यापेक्षा ती दहा आसनं सोडणं स्वस्त पडू शकतं.

लांबीच्या नादात रुंदी विसरली जाते. जेट आलं की धावपट्टीचा सांकेतिक अंक, म्हणजे विमानाच्या संदर्भ लांबीवरून ठरणारा वर्ग, ३ वरून ४ होतो आणि ३० मीटरऐवजी ४५ मीटर रुंदी लागते. प्रत्येक बाजूला साडेसात मीटरचा पट्टा जोडणं कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात कडेचे दिवे धावपट्टीच्या कडेपासून ३ मीटरच्या आत असावे लागतात, म्हणून सगळे दिवे आणि त्यांच्या केबल उपटून पुन्हा बसवाव्या लागतात. उतरणीचा कोन दाखवणारे पापी (PAPI) दिवे सरकतात, फलक सरकतात, बाजूचा उतार आणि निचरा नव्याने साधावा लागतो. म्हणून आजच दिव्यांचं काम निघत असेल तर केबलच्या नळ्या भावी कडेच्या बाहेर टाका. खर्चातला फरक किरकोळ असतो.

फरसबंदीची ताकद हा तिसरा भाग. एटीआर ७२ चं कमाल वजन २३ टन, ए३२० चं ७८ टनांच्या आसपास. फरसबंदीचा दर्जा सांगण्याची जुनी पीसीएन पद्धत जाऊन नोव्हेंबर २०२४ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची, म्हणजे आयकाओची, पीसीआर पद्धत लागू झाली आहे. जुन्या पीसीएन आकड्याला एखाद्या गुणकाने गुणून पीसीआर काढू नका. थरांची जाडी, जमिनीची ताकद आणि विमानांची मिश्र वाहतूक घेऊन तो नव्याने काढावा लागतो. त्यासाठी जड भार टाकून पृष्ठभाग किती दबतो ते मोजणारी चाचणी आणि काही ठिकाणी गाभ्याचे नमुने लागतात. डांबरी पृष्ठभागाला साधारण १२ ते १५ वर्षांनी नवा थर लागतोच. रुंदीकरण आणि मजबुतीकरण त्या थराच्या वर्षाशी जुळवून घ्या. एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर तीन वर्षांत दोनदा काम काढलं तर विमानसेवा कंपन्या वेळापत्रकच बदलून टाकतात.

जमीन किती राखायची

धावपट्टीच्या प्रत्येक टोकाला ६० मीटरची सुरक्षापट्टी आणि तिच्यापुढे २४० मीटरचं टोक-सुरक्षा क्षेत्र धरा. या क्षेत्राचं किमान बंधन ९० मीटरचं आहे, पण शिफारस २४० मीटरची आहे आणि नियोजन शिफारशीवरच करावं. म्हणजे लांबीत ६०० मीटरची भर. २,३०० मीटरच्या भावी धावपट्टीला २,९०० मीटर सलग जमीन हवी. अचूक अवतरणासाठी पहिल्या श्रेणीची दिवेमालिका ९०० मीटर लांब असते. तिचे पहिले ३०० मीटर वरच्या हिशेबात आले, उरलेल्या ६०० मीटरसाठी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ६० मीटरचा पट्टा लागतो. सगळा पट्टा विकत घेता आला नाही तरी खांब, देखभालीचा रस्ता आणि उंचीची मर्यादा यांचे हक्क घेऊन ठेवा.

रुंदीचा हिशेब जास्त चुकतो, म्हणून तो आकड्यांत करतो. उपकरणांच्या मदतीने अवतरण होणाऱ्या धावपट्टीची सुरक्षापट्टी मध्यरेषेपासून १४० मीटरपर्यंत असते. तिच्या कडेपासून संक्रमण पृष्ठभाग, म्हणजे ज्याच्या वर काहीही डोकावू नये असा काल्पनिक तिरका पृष्ठभाग, सुरू होतो आणि दर ७ मीटरला १ मीटर चढतो. ए३२० च्या शेपटीची उंची सुमारे १२ मीटर. म्हणजे उभ्या विमानाची शेपटी मध्यरेषेपासून १४० + ८४, म्हणजे २२४ मीटरच्या आत येता कामा नये. आता दुसऱ्या बाजूने पाहू. धावपट्टीपासून एप्रनपर्यंत विमान चालत जायचा समांतर मार्ग, म्हणजे टॅक्सीवे, मध्यरेषेपासून १५८ मीटरवर, त्याच्यापुढे ४४ मीटरवर एप्रनमधली तशीच वाट, म्हणजे टॅक्सीलेन, आणि तिच्यापासून २२.५ मीटर मोकळे. बेरीज २२४.५. दोन्ही हिशेब एकाच जागी येतात, त्यामुळे २२५ मीटरची रेषा बिनधास्त आखा; ७३७ ची शेपटी थोडी उंच असते, ती धरायची असेल तर २३०. त्यापुढे विमानाच्या लांबीचे ४५ मीटर आणि नाकापुढे सेवावाहनांच्या रस्त्याचे २० मीटर. टर्मिनलची हवाई बाजूची भिंत मध्यरेषेपासून २९० ते ३०० मीटरवर येते. हा हिशेब एप्रन आणि धावपट्टी एकाच पातळीवर धरून आहे. एप्रन उंचावर असेल तर तेवढंच आणखी मागे सरका.

जुनी टर्मिनलं नेमकी इथे अडतात. धावपट्टी फक्त दृश्य अवतरणाची असताना पट्टी अरुंद चालते, म्हणून इमारत १५० मीटरवर बांधलेली असते. पुढे उपकरण-अवतरण सुरू करायचं ठरलं की पट्टी मध्यरेषेपासून १४० मीटरपर्यंत जाते. १५० मीटरवर संक्रमण पृष्ठभागाची उंची भरते जेमतेम दीड मीटर. अख्खी इमारत अडथळा ठरते. तुमचं टर्मिनल कुठे आहे हे आज टोटल स्टेशन या भूमापन यंत्राने मोजा. ते २२५ मीटरच्या आत असेल तर त्याच्या विस्तारावर मोठा खर्च करू नका. तात्पुरत्या पोलादी मांडवाने सात-आठ वर्षं निभावून न्या आणि नवीन टर्मिनल बरोबर जागी घ्या.

आकाश राखणं म्हणजे भावी टोकापासून मोजणं

धावपट्टीच्या टोकाबाहेरचा असाच काल्पनिक अवतरण पृष्ठभाग पहिले ३ किलोमीटर २ टक्क्यांनी चढतो, पुढचे ३.६ किलोमीटर अडीच टक्क्यांनी, मग सपाट होऊन एकूण १५ किलोमीटरपर्यंत जातो. धावपट्टीभोवती ४ किलोमीटरच्या परिसरात ४५ मीटर उंचीचा आडवा पृष्ठभाग असतो. हे बहुतेकांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते हे, की धावपट्टी एका बाजूला ५०० मीटरने वाढली की त्या टोकाबाहेरच्या पहिल्या टप्प्यात परवानगीची उंची सगळीकडे १० मीटरने उतरते. आज नियमानुसार परवानगी मिळालेली तीन मजली इमारत उद्या अडथळा होते. मग उंबरठा, म्हणजे विमान जिथून पुढे उतरू शकतं ती धावपट्टीवरची रेषा, आत सरकवावा लागतो, अवतरणासाठी मिळणारी लांबी घटते, आणि वाढवलेल्या ५०० मीटरपैकी निम्मी वाया जाते.

म्हणून अडथळ्यांच्या मर्यादेचा रंगीत नकाशा आजच्या टोकांवरून बनवू नका. अंतिम टोकांवरून बनवा, आणि तोच स्थानिक बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयात लागू करून घ्या. आवाजाच्या समरेषांचंही तेच: त्या अंतिम टप्प्यातल्या फेऱ्यांवर काढा आणि आतल्या पट्ट्यात शाळा, रुग्णालयं, वसाहती येणार नाहीत असा वापर ठरवून घ्या. गोदामं, शेती, उद्योग चालतात. कचराभूमी मात्र १३ किलोमीटरच्या आत नको. पक्षी कुंपण ओळखत नाहीत, आणि दोन इंजिनांच्या विमानाला उड्डाणाच्या क्षणी घारींचा थवा हा खरा धोका आहे.

वाऱ्याची तपासणीही याच टप्प्यात करा. निदान पाच वर्षांच्या, दिवसाला किमान आठ नोंदींच्या आकडेवारीवर धावपट्टी ९५ टक्के वेळ वापरण्याजोगी असायला हवी. इथे एक बारकावा आहे. मोठ्या विमानांसाठी आडव्या वाऱ्याची नियोजन-मर्यादा २० नॉट, पण १,२०० ते १,५०० मीटर संदर्भ लांबीच्या विमानांसाठी १३ नॉट. ही तपासणी फक्त जेटवर केली तर धावपट्टी पास होते आणि लहान विमानांसाठी नापास.

एप्रन, टॅक्सीवे, अग्निशमन

एप्रन एकाच विमानाच्या मापाने बांधू नका. एटीआरच्या एका जागेला २७ अधिक ४.५ मीटर मोकळीक, म्हणजे ३१.५ मीटर रुंदी लागते. ए३२० किंवा ७३७ ला ३६ अधिक ४.५, म्हणजे ४०.५. चार एटीआरना १२६ मीटर, तीन जेटना १२१.५. तेव्हा १२६ मीटरचा एकच सलग काँक्रीटचा पट्टा घ्या. आज त्यावर चार एटीआरच्या रेषा रंगवा, जेट आलं की रेषा बदला. काँक्रीटच हवं, कारण उभ्या विमानाचा भार एकाच जागी राहतो आणि सांडलेलं इंधन डांबर मऊ करतं. जागांची संख्या दिवसाच्या गर्दीपेक्षा रात्री किती विमानं मुक्कामाला राहतात यावर ठरते. नियोजित संख्येवर एक जागा नादुरुस्त विमानासाठी जास्त ठेवा. ती नसली की एका बिघाडाने दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं. हे माप विमान ढकलून मागे नेण्याच्या पद्धतीचं आहे. विमानाने स्वतः वळून बाहेर पडायचं असेल तर जागा बरीच जास्त लागते आणि पंख्याच्या झोताचा विचारही करावा लागतो.

पूर्ण समांतर टॅक्सीवेची घाई नको. टॅक्सीवे नसेल तर विमान धावपट्टीवरूनच मागे येतं. १,८०० मीटर यायला तीन-चार मिनिटं, वळणाला एखादं मिनिट. तासाला आठ-दहा हालचाली निघतात, आणि दिवसाला चार फेऱ्यांना तेवढं भरपूर झालं. दोन्ही टोकांना वळणाच्या जागा आणि एप्रनपासून दोन जोडमार्ग एवढं आता पुरेल. पण १५८ मीटरवरची ती पट्टी मोकळी ठेवा. तिथे इंधनाच्या टाक्या, वीज उपकेंद्र किंवा हवामान केंद्र येऊ देऊ नका. मोकळी दिसणारी जागा प्रत्येक खात्याला हवी असते, आणि एकदा तिथे काही उभं राहिलं की टॅक्सीवेचा खर्च दुप्पट होतो.

अग्निशमनाची श्रेणी विमानाच्या लांबीवर आणि धडाच्या रुंदीवर ठरते. एटीआर ७२ ला श्रेणी ५: एक वाहन, ब दर्जाच्या फेसासाठी ५,४०० लिटर पाणी. ३७.६ मीटरच्या ए३२० ला श्रेणी ६: दोन वाहनं, ७,९०० लिटर. ७३७-८०० दिसायला तेवढीच, पण लांबी ३९.५ मीटर, म्हणून श्रेणी ७ आणि १२,१०० लिटर. दोन मीटरच्या फरकाने पाणी दीडपट होतं. सर्वांत वर्दळीच्या सलग तीन महिन्यांत त्या श्रेणीच्या हालचाली ७०० पेक्षा कमी असतील तर आयकाओच्या नियमानुसार एक श्रेणी खाली चालते; रोज चार जेट फेऱ्या झाल्या की ही सवलत संपते. तुमचा राष्ट्रीय नियामक ती देतो का, हे आधी विचारा. केंद्राची जागा अशी निवडा की वाढीव धावपट्टीच्या शेवटच्या टोकालाही तीन मिनिटांत पोहोचता येईल. आजच्या धावपट्टीच्या मध्यावर बसवलेलं केंद्र विस्तारानंतर एका टोकापासून लांब पडतं.

टर्मिनल

वार्षिक प्रवासीसंख्येवरून क्षेत्रफळ काढू नका. अमेरिकी विमान वाहतूक नियामक एफएएच्या जुन्या गुणकाने १ ते ५ लाख प्रवाशांच्या विमानतळाला वार्षिक संख्येच्या ०.१३ टक्के गर्दीच्या तासात येतात. दीड लाखाला १९५. सुरुवातीला तपासून पाहायला ठीक आहे, पण प्रत्यक्ष गर्दी वेळापत्रक ठरवतं. एक ए३२० आणि एक एटीआर एकाच तासात निघणार असतील तर २५० आसनं, ९० टक्के भरलेली, म्हणजे २२५ निघणारे प्रवासी. जवळजवळ तितकेच उतरणारे.

निर्गमन कक्षात सगळे एकदम जमले, ७० टक्के बसलेले आणि ३० टक्के उभे, तर बसलेल्याला १.७ आणि उभ्याला १.२ चौरस मीटर धरून सुमारे ३५० चौरस मीटर निव्वळ जागा लागते. दुकानं, स्वच्छतागृहं आणि वाटा वेगळ्या. सुरक्षा तपासणीची साधी एक रांग तासाला १२० ते १८० माणसं काढते, म्हणजे दोन रांगा, आणि तिसरीची जागा व वीज तयार ठेवायची. लहान टर्मिनलमध्ये खोळंबा जवळपास नेहमी इथेच होतो. चेक-इन काउंटर वाढवून उपयोग होत नाही, कारण ऑनलाइन चेक-इनमुळे तिथली गर्दी कमी होत चालली आहे आणि सगळा लोंढा सुरक्षेच्या दारात येतो.

इमारत एका ठरलेल्या मापाच्या गाळ्यांत आखा आणि निदान एक टोक, शक्यतो दोन्ही, कोरी ठेवा. त्या टोकाला स्वच्छतागृह, जिना, वातानुकूलन यंत्रणा किंवा विजेची खोली ठेवलीत तर विस्तार म्हणजे चालू टर्मिनलचं पोट फाडणं होतं. सामानाचा पट्टा आणि सुरक्षा यंत्रं यांच्याखालचा स्लॅब पुढच्या जड यंत्रांच्या वजनाला पुरेसा करा. आणि भावी टर्मिनलच्या छतावरून हवाई वाहतूक नियंत्रणाच्या (एटीसी) टॉवरला दोन्ही उंबरठे दिसतील का, हे आजच तपासा. विस्तार झाला आणि टॉवरची दृष्टिरेषा तुटली, म्हणून टॉवर नव्याने बांधावा लागणं हा टाळता येण्याजोगा खर्च आहे.

पाणी आणि वीज यांचा विचार थोडक्यात. प्रत्येक नवीन फरसबंद हेक्टरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०० घनमीटर पाणी वाहतं. साठवणतळं एप्रनच्या आधी बांधा, आणि ते पक्ष्यांना बोलावणार नाही असं, जाळीखाली किंवा लवकर रिकामं होणारं. पहिल्या श्रेणीच्या अवतरणासाठी धावपट्टीच्या दिव्यांना पर्यायी वीज १५ सेकंदांत मिळायला हवी; जनित्राची निवड त्यावरून करा. उपकेंद्रात एक रोहित्र वाढवण्याची जागा ठेवा, कारण उभ्या विमानांना जमिनीवरून वीज देणं आणि विजेवरची सेवावाहनं हे दोन्ही भार येणारच आहेत.

वर्षांऐवजी निकष लिहा

आराखड्यात "२०३२ मध्ये टर्मिनलचा दुसरा टप्पा" असं लिहिलं की दोनच गोष्टी होतात: वाहतूक आली नाही तरी ते बांधलं जातं, किंवा आधीच आली तरी २०३२ ची वाट पाहिली जाते. प्रत्येक कामापुढे निकष लिहा. तो काढण्याची रीत अशी. परवानग्या, आराखडे, निविदा आणि बांधकाम यांना मिळून चार वर्षं लागणार असतील आणि वाढ ८ टक्के धरली असेल, तर चार वर्षांत मागणी १.३६ पट होते. म्हणजे क्षमतेच्या ७३ टक्क्यांना काम सुरू करायला हवं. ९० टक्क्यांना जाग आली तर दोन-तीन वर्षं प्रवासी दाटीत काढतात. फेऱ्यांच्या उड्या मोठ्या असल्यामुळे याला दुसरा निकषही जोडा: एखाद्या विमानसेवा कंपनीने जेट मार्गाचं लेखी बांधिलकीपत्र दिलं की रुंदीकरणाचा तपशीलवार आराखडा सुरू. नुसत्या इरादापत्रावर फरसबंदीची निविदा काढू नका.

पैशाबाबत स्पष्ट बोललं पाहिजे. वर्षाला १० लाखांपेक्षा कमी प्रवासी असलेले बहुतेक विमानतळ स्वतःच्या उत्पन्नावर खर्च भागवू शकत नाहीत. त्यामुळे प्रत्येक टप्प्याच्या बांधकामखर्चाशेजारी त्याचा वार्षिक चालवण्याचा खर्च लिहा: माणसं, वीज, वातानुकूलन, अग्निशमनाची वाढीव पाळी. मोठ्या टर्मिनलचं ओझं याच रकान्यात दिसतं, आणि हा रकाना नसलेला आराखडा मंजूर करू नये.

पहिल्या वर्षाचा क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने मोजणी: भूमापन, अडथळ्यांचं सर्वेक्षण, फरसबंदीची चाचणी, जमिनीचे हक्क, गाडलेल्या केबल आणि नळ्यांचा नकाशा. केबलचा नकाशा नेहमी चुकीचा असतो, तो प्रत्यक्ष शोधून दुरुस्त करा. पुढचे तीन महिने अंदाज आणि विमानसेवा कंपन्यांशी चर्चा. मग अंतिम टप्प्याची मांडणी, किमान तीन पर्याय. त्यातला एक धावपट्टी अजिबात न वाढवण्याचा असू द्या, कारण एटीआरच्या दहा फेऱ्या हेही चांगलं भवितव्य असू शकतं. मांडणी ठरली की टप्पे आणि निकष लिहिण्याची वाट न पाहता लगेच दोन कागद पुढे पाठवा: अंतिम टोकांवरून काढलेला उंचीच्या मर्यादांचा नकाशा बांधकाम परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे, आणि जमिनीच्या गटांची यादी भूसंपादनाकडे. टर्मिनलची आजची दाटी दरम्यान वेळापत्रकाने कमी करा. दोन एटीआरमध्ये ४५ मिनिटांचं अंतर मिळालं तर निर्गमन कक्षातली गर्दी जवळजवळ निम्म्यावर येते. तेवढ्या अवधीत तुमचं टर्मिनल २२५ मीटरच्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे मोजून झालेलं असेल, आणि त्यावर खर्च करायचा की नाही हे त्या आकड्यावरून ठरवा.